जुलै १९१४: युद्ध का टळलं नाही, आणि वेस्टर्न क्लासिकल ऐकायला तिथूनच सुरुवात का करावी

वेस्टर्न क्लासिकल ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक यादी मिळते. बाख, मोझार्ट, बीथोव्हन, ही सिंफनी ऐक, तो कॉन्सर्टो ऐक. मग तो माणूस अगदी मनापासून ऐकायला बसतो आणि दहाव्या मिनिटाला लक्ष उडतं. यात त्याचा काही दोष नसतो, यादीला गोष्ट नसते एवढंच. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, लिहिणाऱ्याच्या आजूबाजूला तेव्हा काय चाललं होतं, यातलं काहीच माहीत नसताना साठ-सत्तर वाद्यं एकदम वाजायला लागली की कानाने नक्की धरायचं काय तेच कळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की कंपोझरपासून सुरुवात करूच नका, एका वर्षापासून करा. आणि ते वर्ष १९१४ असू द्या. कारण त्या वर्षी युरोपात जे झालं ते समजून घेतलं की त्याच्या आगेमागे लिहिलेलं संगीत अनोळखी राहत नाही, ऐकताना मनात माणसं असतात, गावं असतात, तारखा असतात. म्हणून इथे दोन्ही गोष्टी सोबतच सांगतो, युद्ध टाळायचे प्रयत्न कसे फसले ते आणि मध्येमध्ये काय ऐकायचं, कसं ऐकायचं ते.

पहिलं महायुद्ध शाळेत एका वाक्यात उरकतात, ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून झाला आणि युद्ध पेटलं. पण खून झाला २८ जूनला आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस आहेत. या ३७ दिवसांत युरोपातले मंत्री, राजे, ॲम्बॅसेडर गप्प बसले होते असं अजिबात नाही, शेवटच्या आठवड्यात तर टेलिग्रामचा नुसता पाऊस पडत होता, समेटाचे प्रस्ताव येत होते, परिषदेची निमंत्रणं जात होती. तरी युद्ध झालं, आणि त्यात जवळपास ९० लाख ते १ कोटी सैनिक मेले. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की प्रस्ताव कमी पडले नाहीत, ते उशिरा पडले. जवळजवळ प्रत्येक चांगली सूचना, जे पाऊल थांबवायचं ते उचलून झाल्यावर पोचली. आणि पहिले काही आठवडे, जेव्हा वेळ होता, तेव्हा ज्यांना युद्ध हवं होतं त्यांनी मुद्दाम शांतता ठेवली होती.

२८ जूनला बोस्नियातल्या सारायेव्होमध्ये गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या. फ्रान्झ फर्डिनांड हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस, आणि दुर्दैव असं की व्हिएन्नाच्या म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजधानीतल्या दरबारात सर्बियाशी युद्ध नको म्हणणारा सगळ्यात वजनदार माणूस तोच होता. सेनाप्रमुख कॉनराड वर्षानुवर्षं सर्बियावर चढाई करा म्हणून मागे लागला होता आणि त्याला अडवणाराच आता गेला. सम्राट फ्रान्झ जोसेफ ८३ वर्षांचा. परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ड आधी जरा कच खाणारा म्हणून ओळखला जायचा, तोही आता कडक झाला.

खुनाचा ठपका ऑस्ट्रियाने सर्बियावर ठेवला. पण सर्बियाच्या पाठीशी रशिया होता, म्हणजे एकट्याने उडी घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून होयोस नावाचा एक अधिकारी बर्लिनला गेला, आणि ५ आणि ६ जुलैला जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि चॅन्सेलर बेटमान होल्वेग यांनी ऑस्ट्रियाला सांगून टाकलं की तुम्ही सर्बियाचं जे काही कराल त्यात आम्ही तुमच्या मागे आहोत, रशिया मध्ये पडला तरी. इतिहासात याला कोरा चेक म्हणतात. कैसर हे आश्वासन देऊन दुसऱ्याच दिवशी आपल्या नेहमीच्या नॉर्वेच्या समुद्रसफरीला निघून गेला, कारण तो बर्लिनमध्ये थांबला असता तर जगाला संशय आला असता.

आणि मग जवळजवळ अडीच आठवडे बाहेरून काहीच दिसलं नाही. आतमध्ये मात्र हंगेरीचा पंतप्रधान टिसा युद्धाला तयार नव्हता, त्याला मनवण्यात १४ जुलै उजाडला. शेतीच्या हंगामासाठी बरेच सैनिक रजेवर पाठवले होते, त्यांना लगेच परत बोलावलं तर गुपित फुटलं असतं. आणि फ्रान्सचा अध्यक्ष प्वाँकारे २० ते २३ जुलैला रशियाच्या भेटीवर असणार होता, तो तिथे असताना सर्बियाला अल्टिमेटम म्हणजे मुदत घालून शेवटचा इशारा दिला तर फ्रान्स आणि रशिया जागच्या जागी बसून ठरवतील, म्हणून तो निघेपर्यंत थांबायचं ठरलं. म्हणजे बघा, खुनानंतर लगेच सगळ्या युरोपची सहानुभूती ऑस्ट्रियाकडे होती, तेव्हा काही मागितलं असतं तर बरंच मिळालं असतं. ती सहानुभूती वाट बघण्यातच संपली.

इथे थांबून पहिला तुकडा ऐकू. रॅव्हेलचा ‘ला व्हाल्स’. रॅव्हेल फ्रेंच, आणि हा तुकडा व्हिएन्नाच्या वॉल्ट्झ या नाचाबद्दल आहे. कल्पना १९०६ पासून त्याच्या डोक्यात होती, तेव्हा तो याला ‘व्हिएन’ म्हणजे व्हिएन्ना म्हणणार होता, एक गोड आठवण म्हणून. मग युद्ध झालं, रॅव्हेल स्वतः १९१६ मध्ये व्हर्दूनच्या आघाडीजवळ लष्करी ट्रक चालवत होता, १९१७ मध्ये त्याची आई गेली, आणि तुकडा पूर्ण झाला १९२० मध्ये. साधारण १२ मिनिटांचा आहे.

ऐकताना फक्त एक गोष्ट धरा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. वॉल्ट्झ तीन मात्रांचा असतो आणि पहिल्या मात्रेवर जोर असतो. सुरुवातीला तो सापडणारच नाही, खाली डबल बेस नुसते घुमत असतात, त्यातून सुराचे तुकडे वर येतात आणि परत बुडतात. मग हळूहळू नाच दिसायला लागतो, सुंदर, झगमगीत, एकामागून एक चाली येतात. अर्ध्याच्या पुढे गेलात की मात्र तेच सूर परत येतात पण त्यांना काहीतरी झालेलं असतं, ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं जास्त जोरात येतात, मध्येच सूर वेडेवाकडे होतात, वेग आवरत नाही. आणि अगदी शेवटी तो तीनचा ठेकाच मोडून पडतो. लोक म्हणाले हे साम्राज्याच्या अंताचं संगीत आहे, रॅव्हेलने मात्र ते मान्य केलं नाही. तो म्हणाला तेच मानायला हवं, पण शेवटची दोन मिनिटं ऐकताना २३ जुलैनंतरचा आठवडा डोळ्यांसमोर येतो हेही तितकंच खरं.

तर २३ जुलै. संध्याकाळी सहा वाजता ऑस्ट्रियाचा राजदूत गीझल याने सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, सर्बियाच्या हातात अल्टिमेटम ठेवला. दहा मागण्या, मुदत ४८ तास. पंतप्रधान पाशिच निवडणुकीच्या प्रचारासाठी बाहेरगावी होता. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याने तो कागद वाचला तेव्हा, एका स्वतंत्र देशाने दुसऱ्या स्वतंत्र देशाला इतकं भयंकर काही लिहिलेलं आपण कधी पाहिलं नव्हतं, असं त्याचं मत पडलं. सगळ्यात अडचणीची मागणी सहावी, खुनाच्या कटाचा तपास सर्बियाच्या जमिनीवर होईल आणि त्यात ऑस्ट्रियाचे अधिकारी भाग घेतील. हे मान्य करणं म्हणजे स्वतःच्या कायद्यावर पाणी सोडणं.

सर्बियाने २५ तारखेला मुदत संपायच्या काही मिनिटं आधी उत्तर दिलं. उत्तर फार हुशारीने लिहिलेलं होतं, बऱ्याच मागण्या मान्य, काही अटी घालून मान्य, सहावी मात्र नाही. गीझलने कागदावर नजर टाकली, हे पुरेसं नाही असं कळवलं आणि साडेसहाच्या ट्रेनने बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधलेलं होतं. मला वाटतं या सबंध प्रकरणात इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही, कारण ज्याला उत्तर वाचून निर्णय घ्यायचा असतो तो अर्ध्या तासात ट्रेनमध्ये नसतो. अल्टिमेटम नाकारला जावा असाच लिहिला होता.

आता ग्रेचं बघा, कारण फसलेली डिप्लोमसी म्हणजे काय हे त्याच्याकडे पाहून नीट कळतं. १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धांच्या वेळी याच ग्रेने लंडनमध्ये मोठ्या देशांच्या ॲम्बॅसेडरांना एकत्र बसवलं होतं आणि मोठं युद्ध टळलं होतं. त्यामुळे २६ जुलैला त्याने तेच औषध परत काढलं, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली अशा चार देशांनी बसून ऑस्ट्रिया आणि रशियाच्या मधला तिढा सोडवायचा. फ्रान्स आणि इटली तयार होते. जर्मनीने २७ ला नकार दिला, म्हणे आमच्या मित्राला कोर्टात उभं केल्यासारखं होईल. ग्रेची समेटाची एक सूचना बर्लिनने व्हिएन्नाला पाठवली, पण त्याच वेळी ऑस्ट्रियाच्या बर्लिनमधल्या ॲम्बॅसेडरने घरी कळवलं की अशा सूचना जर्मनी फक्त दाखवण्यापुरत्या पुढे सरकवतंय, तिचा त्यांना पाठिंबा नाही. मागच्या वेळी परिषद चालली कारण तेव्हा जर्मनीला ती चालायला हवी होती. औषध तेच होतं, रोगी घ्यायला तयार नव्हता.

ग्रेची स्वतःचीही एक मर्यादा होती. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात एकमत नव्हतं, जुलैभर त्यांचं लक्ष आयर्लंडच्या होमरूलवर होतं, आणि फ्रान्ससाठी आम्ही लढू असं ग्रे उघड सांगू शकत नव्हता कारण तसा करारच नव्हता. त्यामुळे जर्मनीला वाटत राहिलं की ब्रिटन बाहेर राहील, आणि फ्रान्सला वाटत राहिलं की ब्रिटन येईल. दोघांनाही आपल्याला हवं ते ऐकू आलं. २९ तारखेला ग्रेने जर्मन ॲम्बॅसेडर लिखनोव्स्कीला शेवटी बऱ्यापैकी स्पष्ट सांगितलं की फ्रान्स ओढला गेला तर आम्ही फार काळ बाजूला उभे राहणार नाही. हे जर २४ ला सांगितलं असतं तर?

२७ ला कैसर सफरीवरून परत आला आणि २८ ला सकाळी त्याने सर्बियाचं उत्तर पहिल्यांदा नीट वाचलं, आणि त्याला ते आवडलं! त्याने लिहिलं की हा तर व्हिएन्नाचा मोठा नैतिक विजय आहे आणि आता युद्धाचं काही कारणच उरलं नाही. त्याने सुचवलं की ऑस्ट्रियाने फक्त बेलग्रेड तारण म्हणून ताब्यात घ्यावं आणि तिथे थांबून बोलणी करावीत. खरंच वापरता येण्यासारखी सूचना होती. पण बेटमान होल्वेगने ती पुढे पाठवेपर्यंत रात्र झाली, आणि पाठवताना त्याने व्हिएन्नातल्या आपल्या ॲम्बॅसेडरला बजावलं की आम्ही ऑस्ट्रियाला मागे खेचतोय असं मात्र वाटू देऊ नका. आणि तोपर्यंत उपयोग नव्हताच, कारण त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ऑस्ट्रियाने साध्या टेलिग्रामने सर्बियाविरुद्ध युद्ध जाहीर करून टाकलं होतं.

यापुढचा भाग सगळ्यात करुण आहे आणि त्यात नात्यांचा गोतावळा आहे. ब्रिटनचा राजा जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस हे मावसभाऊ. जॉर्ज आणि कैसर विल्हेल्म हे मामे-आतेभाऊ. झारची बायको म्हणजे कैसरची मावसबहीण. सगळे एकमेकांच्या लग्नकार्याला गेलेले, एकमेकांना घरच्या नावाने हाक मारणारे. २९ जुलैला मध्यरात्रीनंतर झार आणि कैसर दोघांनी एकमेकांना इंग्लिशमध्ये टेलिग्राम केले, खाली सही ‘निकी’ आणि ‘विली’, आणि दोघांचेही टेलिग्राम एकाच वेळी निघाल्यामुळे वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. निकी म्हणतो तुझ्या मित्राला आवर, विली म्हणतो मी प्रयत्न करतोय तू काही करू नकोस. त्याच संध्याकाळी झारने सुचवलं की हा वाद हेगच्या कोर्टापुढे ठेवू. हेगची १८९९ ची शांतता परिषद याच झारच्या पुढाकाराने झाली होती. या सूचनेला बर्लिनने काडीची किंमत दिली नाही.

आणि आता मोबिलायझेशन, ज्याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. तेव्हाचं सैन्य म्हणजे शांततेच्या काळात घरी असलेले लाखो राखीव सैनिक. त्यांना बोलवायचं, कपडे-बंदुका द्यायच्या, ट्रेनमध्ये भरायचं आणि सीमेवर उतरवायचं, यासाठी प्रत्येक देशाने वर्षानुवर्षं बसून रेल्वेची टाइमटेबलं केली होती, कुठली गाडी कुठल्या पुलावरून किती वाजता जाणार इथपर्यंत. एकदा बटण दाबलं की ते मध्येच बदलता येत नव्हतं. रशियाला फक्त ऑस्ट्रियाच्या दिशेने सैन्य जमवायचं होतं, पण सेनापती म्हणाले तसा धड प्लॅनच नाही, अर्धवट केलं तर पुढे पूर्ण करताना गोंधळ होईल. जर्मनीचं तर आणखी अवघड. त्यांचा प्लॅन असा की रशिया हळू आहे, म्हणून आधी बेल्जियममधून जाऊन काही आठवड्यांत फ्रान्सला पाडायचं आणि मग रशियाकडे वळायचं. म्हणजे भांडण सर्बियाचं, धोका रशियाचा, आणि पहिला हल्ला बेल्जियमवर! अशा प्लॅनमध्ये रशियाने तयारी सुरू केली की जर्मनीला प्रत्येक तास महाग, कारण रशिया हळू असण्यावरच सगळं टेकलेलं.

२९ ला संध्याकाळी झारने पूर्ण मोबिलायझेशनचा हुकूम दिला होता, तो तारखात्यात पोचलाही होता, तेवढ्यात विलीचा टेलिग्राम आला आणि झारने तो रद्द केला. एवढी एक वेळ डिप्लोमसी वेळेत पोचली. पण दुसऱ्या दिवशी ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याला परत पटवलं. सेनाप्रमुख यानुश्केविच आधीच म्हणाला होता की या वेळी हुकूम मिळाला की मी टेलिफोनच फोडून टाकीन, म्हणजे कोणी परत बदलायला नको.

आता दुसरा तुकडा. होल्स्टचा ‘मार्स, द ब्रिंगर ऑफ वॉर’, ‘द प्लॅनेट्स’ या मालिकेतला पहिला. होल्स्ट लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचा. हा तुकडा त्याने १९१४ मध्येच रचला, आणि त्याचा आराखडा युद्ध सुरू होण्याआधी तयार होता असं त्याच्या मुलीने लिहून ठेवलंय. म्हणजे बातम्या ऐकून लिहिलेलं हे नाही. सात मिनिटांचा तुकडा. इथे पण एकच गोष्ट धरा, पाच मात्रा. आपल्या पायांना दोन-चार किंवा तीनची सवय असते, पाच मात्रांवर पाऊल टाकायला गेलं की कायम एक मात्रा उरते किंवा कमी पडते. पहिल्या मात्रेत तीन भरभर ठोके, मग एक, मग एक, मग दोन पटपट, मग एक. हा ठेका सुरुवातीला व्हायोलिनवाले धनुष्याच्या केसांनी वाजवत नाहीत, धनुष्याची काठी तारांवर आपटून वाजवतात, म्हणून तो कोरडा, खटखट असा येतो. आणि तो थांबत नाही. वर ब्रासमध्ये काय वाट्टेल ते चालू दे, खाली तो चालूच. मधे एकदा जरा वेगळं काहीतरी सुरू होतं आणि वाटतं सुटलो, तर थोड्या वेळात तोच ठेका सगळ्या ऑर्केस्ट्राने मिळून अंगावर येतो. मला मोबिलायझेशन या शब्दाचा अर्थ नकाशांपेक्षा या सात मिनिटांनी जास्त कळला.

एक प्रॅक्टिकल गोष्ट इथेच सांगतो. क्लासिकल रेकॉर्डिंगमध्ये अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यात फार अंतर असतं. सुरुवात ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवून ठेवला की चौथ्या मिनिटाला कान फुटतील. शक्यतो शांत जागी, हेडफोन लावून, आणि काम करता करता नाही. आणि सगळं एकदम ऐकायचा प्रयत्न करू नका. एका खोलीत चार जण एकाच वेळी बोलत असतील तर आपण एकाचंच बोलणं धरतो आणि बाकीचं आपोआप कानावर पडतं, तसंच ऐकायचं. पहिल्या वेळी ठेका धरा, दुसऱ्या वेळी सगळ्यात खालचा आवाज म्हणजे बेस धरा, तिसऱ्या वेळी वरची चाल. तीनदा ऐकल्यावर तुकडा ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाल्यावरच तो आवडतो की नाही हे ठरवायचा आपल्याला हक्क येतो.

परत बर्लिनला. ३० जुलैला पहाटे बेटमान होल्वेग घाबरला, कारण ब्रिटन बाहेर राहणार नाही हे आता कळलं होतं, आणि त्याने व्हिएन्नाला खरोखरचा दबाव टाकणारा टेलिग्राम पाठवला की बोलणी नाकारू नका. आणि त्याच दिवशी जर्मनीचा सेनाप्रमुख मोल्टके व्हिएन्नात कॉनराडला कळवत होता की ताबडतोब रशियाविरुद्ध मोबिलायझेशन करा. एकाच राजधानीतून दोन उलटे निरोप! बेर्खटोल्डने विचारलं की बर्लिनमध्ये राज्य नक्की कोण करतंय, मोल्टके की बेटमान? त्याने अर्थातच आपल्याला सोयीचा निरोप उचलला.

मग भराभर. ३१ ला जर्मनीने रशियाला १२ तासांची मुदत दिली. त्याच संध्याकाळी पॅरिसमध्ये युद्धाविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलणारा नेता जाँ जोरेस याचा खून झाला. १ ऑगस्टला संध्याकाळी जर्मन ॲम्बॅसेडर पुर्तालेसने साझोनोव्हच्या हातात युद्धाची घोषणा दिली आणि तो रडला. त्याच दिवशी लंडनहून आलेल्या एका चुकीच्या समजुतीच्या टेलिग्राममुळे कैसरला वाटलं की फ्रान्स आणि ब्रिटन बाहेर राहतील, तो म्हणाला मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा, आणि मोल्टके म्हणाला ते शक्य नाही, गाड्या ठरल्या आहेत. कैसर सैन्याचा सर्वोच्च प्रमुख, आणि त्याला टाइमटेबल बदलता आलं नाही. ३ ला फ्रान्सविरुद्ध घोषणा, ४ ला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये, ज्याच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात जर्मनीच्या पूर्वसूरींनी म्हणजे प्रशियानेही दिली होती. बेल्जियममधून मागे फिरा म्हणून ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत त्या रात्री लंडनच्या घड्याळात अकरा वाजता संपली आणि ब्रिटन युद्धात उतरलं.

दोष कोणाचा यावर इतिहासकार शंभर वर्षांनंतरही भांडतायत. मला विचाराल तर सगळ्यांचा सारखाच दोष हे म्हणणं आळशीपणाचं आहे. रशियाने घाई केली, ब्रिटनने स्पष्ट बोलायला उशीर केला, सर्बियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या लोकांचा कटात हात होता, हे सगळं खरं. पण युद्ध व्हावं म्हणून अल्टिमेटम व्हिएन्नाने लिहिला आणि कोरा चेक बर्लिनने दिला, आणि थांबवायची संधी सगळ्यात जास्त वेळा याच दोघांच्या हातात होती.

आता युद्धाच्या आतली माणसं, कारण पुढचं ऐकणं त्यांच्याशिवाय अपुरं आहे. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइझलर १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता, रशियाच्या आघाडीवर जखमी झाला. त्याने लिहून ठेवलंय की तोफगोळ्याचा आवाज आधी उतरत जातो आणि गोळा खाली वळला की चढायला लागतो तो नेमका क्षण त्याच्या कानाला कळायचा, आणि त्यावरून शत्रूच्या तोफांचं अंतर काढायला अधिकाऱ्यांना मदत व्हायची. सुरांवर घोटलेल्या कानाचं युद्धाने हे काम करून घेतलं.

व्हिएन्नाचाच पियानोवादक पाऊल विट्गेनस्टाइन, तत्त्वज्ञ लुडविगचा भाऊ, १९१४ च्या ऑगस्टमध्येच उजव्या हाताला गोळी लागून रशियाचा कैदी झाला, हात कापावा लागला. सायबेरियातल्या कैदेत त्याने लाकडी खोक्यावर डाव्या हाताने सराव सुरू केला. परत आल्यावर त्याने मोठमोठ्या कंपोझरांकडून फक्त डाव्या हातासाठी संगीत लिहून घेतलं, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला रॅव्हेलचा कॉन्सर्टो, पहिल्यांदा वाजला जानेवारी १९३२ मध्ये व्हिएन्नात. कॉन्सर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा सोबत, कधी साथीला, कधी सामना करायला. हा एकसंध आहे, १८-१९ मिनिटांचा. आधी फक्त ऐका, एक हात आहे हे विसरून. मग कुठलाही व्हिडिओ लावून बघा, आणि खालचे जाड सूर आणि वरची चाल दोन्ही पाच बोटांत कशी येते ते बघा. रॅव्हेल फ्रेंच सैन्यातला, विट्गेनस्टाइन ऑस्ट्रियन सैन्यातला, हेही लक्षात असू द्या.

इंग्लंडकडचं एक अगदी हळुवार उदाहरण आहे, जॉर्ज बटरवर्थचं ‘द बँक्स ऑफ ग्रीन विलो’. सहा मिनिटं, लोकगीतांच्या चालींवर बांधलेलं, १९१४ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा वाजलं. बटरवर्थ ५ ऑगस्ट १९१६ ला सॉमच्या लढाईत मारला गेला, वय ३१. त्याचा मित्र व्हॉन विल्यम्स याची लंडन सिंफनी १९१४ च्या मार्चमध्ये वाजली, तिची मूळ प्रत जर्मनीला पाठवली होती ती युद्धाच्या गडबडीत हरवली, आणि बटरवर्थने इतर मित्रांबरोबर वादकांच्या सुट्या कागदांवरून ती परत उभी केली. व्हॉन विल्यम्सने ती पुढे त्याच्या स्मृतीला अर्पण केली. त्याच व्हॉन विल्यम्सचं ‘द लार्क असेंडिंग’ पण १९१४ चंच, पंधरा मिनिटं, एकटं व्हायोलिन चंडोल पक्ष्यासारखं वर वर जात राहतं. यात ठेका शोधायला जाऊ नका, सुरुवातीला तो जवळजवळ नाहीच, फक्त व्हायोलिनच्या मागे मागे जा. हे नव्याने ऐकणाऱ्याला सगळ्यात लवकर आवडतं असा माझा अंदाज आहे, म्हणून कोणी अगदीच घाबरत असेल तर उलट क्रमाने, इथूनही सुरू करता येईल.

पियानो एकटा ऐकायचा असेल तर रॅव्हेलचं ‘ल तोंबो द कुपराँ’, १९१४ ते १९१७ मधलं. सहा छोटे भाग, आणि प्रत्येक भाग युद्धात गेलेल्या ओळखीच्या माणसांना अर्पण केलेला. शोकगीत असेल असं वाटतं पण ते हलकं, नाचरं, स्वच्छ आहे. शेवटचा भाग, तोकाता, जोझेफ द मार्लियाव्ह याच्या नावाने आहे, तो १९१४ च्या ऑगस्टमध्येच मारला गेला होता, आणि १९१९ मध्ये हे सगळं पहिल्यांदा जाहीरपणे वाजवलं ते त्याच्या बायकोने, मार्गरीत लाँगने.

एवढं पचलं की मग लांबचं घ्या, इंग्लिश कंपोझर एल्गरचा चेलो कॉन्सर्टो (चेलो म्हणजे व्हायोलिनसारखंच पण मोठं, खालच्या सुरांचं वाद्य), १९१९ चा, चार भाग मिळून अर्धा तास. एल्गर ससेक्समधल्या ज्या कॉटेजमध्ये राहायचा तिथे रात्री समुद्रापलीकडून फ्रान्समधल्या तोफांचा आवाज यायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा रिहर्सल पुरेशी न झाल्यामुळे पडला, आणि पुढे १९६५ मध्ये चेलोवादक जॅकलीन दु प्रे हिने कंडक्टर बार्बिरोलीबरोबर केलेल्या रेकॉर्डिंगने तो जगभर पोचला, तेच रेकॉर्डिंग घ्या. चार भाग आहेत म्हणजे मध्ये थोडी शांतता येईल, संपलं समजू नका. आधी फक्त पहिला भाग दोन-तीन दिवस ऐका, सुरुवातीला चेलो एकटा जे चार जड सूर वाजवतो ते पाठ होऊ द्या, कारण चौथ्या भागाच्या शेवटी ते परत येतात आणि ते ओळखता आले तरच त्या परत येण्याला अर्थ आहे. तिथून पुढे मागे जायचं तर बीथोव्हनकडे जा, पुढे जायचं तर शोस्ताकोविचकडे, दोन्हीकडे परत युद्धच भेटेल, पण तोवर अर्धा तास एका जागी बसून ऐकायची सवय कानाला झालेली असेल.